जुन्या बेंच व्हाइससाठी जबड्याच्या पट्ट्या हाताने कशा बनवाव्यात

जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या वर्कशॉपच्या भंगारात मिळणाऱ्या बेंच व्हाइसचे (बाकावर बसवून काम घट्ट पकडणाऱ्या शिकंजाचे) बीड, म्हणजे ओतीव लोखंड, बहुधा शाबूत असते आणि मळसूत्रही फिरत असते. खराब झालेल्या असतात त्या जबड्यांवर बसवलेल्या दोन पोलादी पट्ट्या. कोणीतरी त्यांवर छिन्नी चालवलेली असते, ड्रिलने खड्डे पाडलेले असतात, किंवा एक पट्टी हरवल्यावर मागच्या बिडावरच काम पकडण्याची सवय लागलेली असते. व्हाइसचा देह ज्या बिडाचा ओतलेला असतो ते बीड दाब उत्तम सोसते, परंतु धक्क्याने त्याचा टवका उडतो, आणि उडालेला टवका पुन्हा जोडणे जिकिरीचे असते. म्हणूनच बनवणारा जबड्यापुढे बदलता येईल अशी पट्टी देतो. ती झिजण्यासाठीच दिलेली असते, त्यामुळे ती बदलताना संकोच करण्याचे कारण नाही.

नवशिक्याने व्हाइसचा पहिला भाग म्हणून ही पट्टीच का निवडावी, याचे कारण सरळ आहे. मुख्य मळसूत्राचे आटे चौकोनी किंवा समलंबी असतात आणि ते कापायला लेथ लागतो. त्याच्या नटाचे आतले आटे कापणे तर त्याहून कठीण. दांडा बनवणे फारच सोपे, त्यात शिकण्यासारखे थोडे. पट्टी बनवताना मात्र मापन, करवतकाम, कानसकाम, ड्रिलिंग, काउंटरसिंक (स्क्रूचे डोके आत बसावे म्हणून भोकाचे तोंड शंकूसारखे रुंद करणे) आणि हवे असल्यास पाणी देणे (पोलाद लाल तापवून, बुडवून कडक करणे), हे फिटरच्या कामातले जवळजवळ सगळे पायाभूत प्रकार एका हातभर कामात येतात. लागणारी हत्यारेही साधी आहेत: हॅकसॉ, एक रफ आणि एक स्मूथ कानस, तिकोनी कानस, गुण्या, स्क्रायबर (रेघ ओढण्याची टोकदार सळई), सेंटर पंच (भोकाची जागा ठोकून खुणावण्याचे हत्यार), हातोडी, व्हर्निअर कॅलिपर आणि शक्य असेल तर स्टँडवरचे ड्रिल मशीन.

जुन्या पट्ट्या काढण्याआधी

या कामात एक विचित्र अडचण असते: पट्टी कापायला आणि घासायला व्हाइस हवा, आणि व्हाइस तर उघडा पडलेला. त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या पट्ट्या कितीही वाईट असल्या तरी त्या जागेवर असतानाच नव्या पट्ट्यांचे तुकडे कापून आणि चारही बाजूंनी घासून तयार करावेत. जुन्या पट्ट्या केवळ भोके उतरवून घेण्याच्या वेळी काढाव्यात. एकच पट्टी शिल्लक असेल तर दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमचा किंवा लाकडाचा तुकडा घालून काम चालते.

मात्र स्क्रू निघतात की नाही, हे आधीच पाहून घ्यावे, कारण खरा वेळ बहुधा तेथेच जातो. स्क्रूच्या खाचेत वर्षानुवर्षांचा मळ, रंग आणि लोखंडाचा भुसा घट्ट बसलेला असतो. तो टोकदार सुईने पूर्णपणे कोरून काढल्याशिवाय पेचकस लावू नये. अर्धवट बसलेला पेचकस खाच मोडतो, आणि मोडलेली खाच म्हणजे वाढवलेले काम. गंज मोकळा करणारे तेल किंवा साधे डिझेल स्क्रूभोवती सोडून रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी खाचेच्या रुंदीला पुरेपूर बसणारा पेचकस उभा धरून त्याच्या डोक्यावर हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्यावेत आणि मग पाना लावून फिरवावे. इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा पेचकस) मिळाला तर उत्तम, पण त्यावर घणाघाती वार करू नयेत, कारण मागे बीड आहे.

स्क्रू तुटलाच तर त्याच्या बरोबर मध्यावर पंच मारून, आट्यांना धक्का न लावता बसेल अशा बारीक ड्रिलने भोक पाडावे आणि उरलेली नळी आत दुमडून काढावी. तुटका स्क्रू काढण्यासाठी मिळणारे उलट्या आट्यांचे हत्यार नवशिक्याने जपून वापरावे. ते कडक पोलादाचे असते आणि आत तुटले तर त्यावर साधे ड्रिल चालत नाही.

माप कागदाकडून नव्हे, व्हाइसकडून घ्यावे

व्हाइसचा आकार जबड्याच्या रुंदीने सांगतात. शेफील्डमध्ये बनलेला ‘रेकॉर्ड’चा ३ नंबरचा व्हाइस म्हणजे ४ इंची जबडा, आपल्याकडे जालंधरकडून येणारे अनेक व्हाइस १०० किंवा १२५ मिमी असतात. परंतु या नाममात्र मापावर विसंबून पट्टी कापू नये. ओतीव वस्तू हाताने घासून बसवलेली असते आणि एकाच व्हाइसच्या दोन जबड्यांतही मिलिमीटरभर फरक सापडतो. म्हणून दोन्ही जबड्यांची मापे वेगवेगळी घ्यावीत, पट्ट्यांना ‘स्थिर’ आणि ‘सरकता’ अशी खूण करावी आणि ती खूण शेवटपर्यंत टिकवावी.

घ्यायची मापे चार: जबड्याची लांबी, पट्टी ज्या खालच्या पायरीवर टेकते तिथपासून जबड्याच्या माथ्यापर्यंतची उंची, पट्टीची जाडी आणि स्क्रूचा व्यास. यांपैकी जाडीकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. व्हाइस पूर्ण मिटला की दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकल्या पाहिजेत आणि त्यांच्या खालचे बीड मात्र एकमेकांपासून दूर राहिले पाहिजे. पट्ट्या मूळपेक्षा पातळ झाल्या तर बीड आधी भिडते, पट्ट्यांमध्ये फट उरते आणि पातळ पत्रा पकडताच येत नाही. उलट मिलिमीटरभर जाड पट्टीने व्हाइसचे तोंड तेवढेच कमी उघडते, ज्याने कोणाचे काही अडत नाही. तेव्हा शंका असेल तर जाडीच्या बाजूने चूक करावी. शंभर मिमीच्या व्हाइसला १० मिमी जाडीची पट्टी बहुतेक वेळा योग्य ठरते, पण खातरजमा जुन्या पट्टीच्या न झिजलेल्या कोपऱ्यावरच करावी.

स्क्रूचे आटे ओळखणे हे थोडे जास्त लक्ष देण्याचे काम आहे. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. त्याआधीच्या आणि त्यानंतरही बरीच वर्षे बनलेल्या व्हाइसमध्ये व्हिटवर्थ आटे असण्याची शक्यता मोठी. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडलेल्या या पद्धतीत आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो, तर मेट्रिक आट्याचा ६० अंशांचा. पाव इंची व्हिटवर्थला इंचात २० आटे, ५/१६ इंचीला १८. एम ८ (८ मिमी व्यासाचा मेट्रिक) स्क्रू ५/१६ इंची भोकात दोन वेढे जातो आणि मग अडतो. तेथे जोर लावला की बिडातले आटे कायमचे जातात. थ्रेड गेज (आटे ताडून पाहण्याची दातेरी पाती) नसेल तर जुना स्क्रू घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जावे. मुंबईत नागदेवी परिसरात इंची स्क्रू अजूनही मागितल्यावर निघतात.

आटे मुळातच संपलेले असतील तर पाव इंची भोक ६.८ मिमी ड्रिलने मोठे करून त्यात एम ८ चा टॅप (भोकात आटे कापण्याचे हत्यार) मारता येतो. जुने आटे त्या ड्रिलमध्ये पूर्णपणे निघून जातात. ५/१६ इंची भोकाला असे करायचे तर थेट एम १० वर जावे लागते, आणि एम १० च्या काउंटरसंक स्क्रूचे डोके सुमारे २० मिमी व्यासाचे असल्याने ते लहान पट्टीच्या उंचीत मावत नाही. अशा वेळी मूळ व्हिटवर्थ टॅपने आटे साफ करून तेच वापरणे शहाणपणाचे.

कोणते पोलाद घ्यावे

पहिली जोडी माइल्ड स्टीलची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कापायला सोपे, सगळीकडे मिळणारे आणि चुकले तरी हळहळ न वाटणारे आहे. घरगुती कामाला अशी पट्टी वर्षानुवर्षे पुरते आणि तिचा मऊपणा पकडलेल्या वस्तूला ओरखड्यांपासून वाचवतो, हा फायदाच आहे. मात्र माइल्ड स्टीलमध्ये कार्बन इतका कमी असतो की ते लाल करून पाण्यात बुडवले तरी उपयोगी पडेल इतके कडक होत नाही, हे ध्यानात ठेवावे. कडक पट्टी हवीच असेल तर सुमारे ०.५५ टक्के कार्बन असलेले ईएन ९ जातीचे पोलाद घ्यावे. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडाही चालतो, पण तो मुळात कडक आणि वाकडा असल्याने आधी लाल करून राखेत हळूहळू थंड करावा लागतो, मगच त्यावर करवत चालते.

जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी टाळावी. ती तापवली की निघणारा जस्ताचा धूर आजारी पाडतो. काळ्या, म्हणजे गरम लाटलेल्या पट्टीवरचा कडक पापुद्रा कानशीचे दात बोथट करतो, तेव्हा ती पट्टी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी आणि सकाळी तारेच्या ब्रशने घासून धुवावी.

कापणे आणि घासणे

लांबीत दीड-दोन मिमी जास्त ठेवून रेघ आखावी. रेघ ठळक दिसावी म्हणून मोरचुदाचे पाणी फडक्याने पोलादावर पुसले की त्यावर तांब्याचा पातळ थर चढतो आणि स्क्रायबरची रेघ त्यावर चकाकते. १० मिमी जाडीला इंचात १८ दातांचे हॅकसॉ पाते योग्य. पात्याचे दात पुढच्या दिशेला असावेत, दाब केवळ पुढे जाताना द्यावा आणि पात्याची पूर्ण लांबी वापरावी. मधल्या चार इंचांवरच कापत राहिले की पाते तेथेच झिजते.

घासण्याची सुरुवात मागच्या बाजूपासून करावी, म्हणजे जी बाजू बिडाला टेकणार आहे तिच्यापासून. ती सपाट झाली की तीच पुढच्या सर्व मापांचा आधार होते. त्यानंतर खालची कड मागच्या बाजूशी काटकोनात आणावी, मग दोन्ही टोके, आणि माथा सर्वांत शेवटी. माथ्यावर अर्धा मिमी जास्तच ठेवावा. गुण्या लावून उजेडाकडे धरले की कोठून प्रकाश येतो ते दिसते. जेथून येत नाही तो उंचवटा, आणि घासायचे तेवढेच. नवशिक्याच्या हातून कानस डोलते आणि पृष्ठभाग मधे फुगीर होतो. त्यावर उपाय म्हणजे कोपर शरीराजवळ ठेवून कानस तिरकी चालवणे आणि दर काही फटक्यांनंतर दिशा बदलणे, म्हणजे रेघांच्या जाळीतून उंच जागा आपोआप कळतात. स्मूथ कानशीवर खडू घासला तर दातांत लोखंडाचा कीस अडकून पट्टीवर ओरखडे पडत नाहीत.

भोके

पट्टी बिघडते ती येथे. जुन्या पट्टीवरून भोकांचे अंतर मोजून नव्या पट्टीवर आखणे हा मार्ग वरवर बरोबर वाटतो, पण मोजताना, आखताना आणि पंच मारताना प्रत्येक वेळी पाव मिमी सरकले तरी काउंटरसंक स्क्रू ते माफ करत नाही. त्याचे शंकूसारखे डोके पट्टीला स्वतःच्या केंद्राकडे खेचते. दोन स्क्रू दोन दिशांना खेचू लागले की पट्टी पायरीवरून उचलली जाते किंवा स्क्रू वाकतो. म्हणून भोकांच्या जागा व्हाइसकडूनच उतरवून घ्याव्यात.

त्यासाठी जबड्यातल्या आट्यांमध्ये बसणारे, टोकदार शेवटाचे दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) लागतात. व्हिटवर्थ मापात ते मिळाले नाहीत तर जुन्याच स्क्रूचे डोके कापून, तो ड्रिलच्या चकमध्ये धरून फिरवत कानशीने टोक काढावे आणि दुसऱ्या बाजूला हॅकसॉने खाच पाडावी. आता जुनी पट्टी काढून जबड्याची बैठक साफ करावी: गंज, रंग, जुने ग्रीस सगळे खरवडून बीड उघडे करावे. टोकदार स्क्रू असे बसवावेत की टोक बैठकीच्या बाहेर मिलिमीटरभरच येईल. नवी पट्टी पायरीवर नीट टेकवून, तिची टोके जबड्याशी जुळवून, समोरच्या बाजूला लाकडाचा सपाट ठोकळा घालावा आणि व्हाइस मिटवावा. व्हाइस स्वतःच्या जोराने पट्टीच्या पाठीवर दोन खुणा उमटवतो, आणि त्या चुकीच्या असूच शकत नाहीत. या एका युक्तीसाठी स्क्रू घडवण्यात गेलेला अर्धा तास वसूल होतो.

खुणांवर सेंटर पंच मारून आधी ३ मिमी, मग ६ मिमी आणि शेवटी अंतिम ड्रिल चालवावे. एम ८ साठी ८.५ मिमी भोक पुरेसे. ८.५ मिमी ड्रिलला माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला ९०० च्या आसपास फेरे ठीक. ३ मिमीला त्याच्या जवळपास तिप्पट. पट्टी हाताने धरून ड्रिल कधीही करू नये, आणि ड्रिल चालवताना हातमोजे घालू नयेत. भोक आरपार जाण्याच्या क्षणी ड्रिल अडकते आणि धरलेली वस्तू हातातून हिसकावून फिरवते. क्लॅम्प लावणे हाच उपाय.

भोके पाठीकडून पाडली तरी काउंटरसिंक समोरून करायचे. मेट्रिक काउंटरसंक स्क्रूचा कोन ९० अंशांचा असतो, तेव्हा हत्यारही ९० अंशांचेच घ्यावे. अमेरिकी मापाचे ८२ अंशांचे असते आणि ते डोक्याला फक्त कडेवर टेकवते. वेग शक्य तितका कमी ठेवावा, तेल सोडावे आणि दाब स्थिर ठेवावा, अन्यथा थरथरीने खोलगट भाग फुलासारखा कोपऱ्याकोपऱ्यांचा होतो. स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या अर्धा ते एक मिमी आत गेले पाहिजे. बाहेर डोकावणारे डोके पकडलेल्या प्रत्येक वस्तूवर आपली खूण सोडते.

दाते पाडावेत की नाही

पितळ, ॲल्युमिनियम किंवा तयार पृष्ठभाग पकडायचे असतील तर पट्टी गुळगुळीतच ठेवावी. पाइप, सळया, जाड पोलाद यांच्यासाठी दाते हवेत. दोन मिमी अंतराने ४५ अंशांच्या तिरप्या रेघा आखून हॅकसॉने हलकी वाट करून घ्यावी, तिकोनी कानशीने अर्धा मिमी खोल चर पाडावेत आणि मग उलट दिशेने तसेच चर पाडून चौकटी कराव्यात. काम कंटाळवाणे आहे, दोन पट्ट्यांना एक दुपार सहज जाते. दाते केलेली जोडी आणि गुळगुळीत जोडी अशा दोन्ही बनवून ठेवल्या तर आलटूनपालटून बसवता येतात.

पाणी देणे

माइल्ड स्टीलच्या पट्टीला हा भाग लागू नाही. ईएन ९ असेल तर ड्रिलिंग, काउंटरसिंक आणि दाते सर्व पूर्ण झाल्यावरच पाणी द्यावे, कारण त्यानंतर कानस चालत नाही. कोळशाच्या भट्टीत पट्टी सर्व लांबीभर सारखी तापवावी. साधारण ७७० अंश सेल्सियसला पोलाद चुंबकाला चिकटणे सोडते. त्यानंतर थोडे अधिक, चेरीसारखे लाल तापवून, टोकाकडून उभी धरून तेलात बुडवावी आणि वर-खाली हलवावी. आडवी बुडवली तर एक बाजू आधी थंड होऊन पट्टी धनुष्यासारखी वाकते. तेल लोखंडी भांड्यात, अर्ध्यापेक्षा किंचित जास्त भरलेले, आणि शेजारी बसणारे लोखंडी झाकण असावे. ज्वाळा उठली तर झाकण ठेवायचे, पाणी टाकायचे नाही. हे काम मोकळ्या जागी आणि दुसरे माणूस जवळ असतानाच करावे.

कडक झालेल्या पट्टीवर जुनी कानस घासून पाहावी. ती घसरली तर पाणी लागले. पण अशी पट्टी काचेसारखी ठिसूळ असते, म्हणून त्याच दिवशी कडकपणा थोडा उतरवावा लागतो. एक बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करून पट्टी हळूहळू तापवली की रंग चढत जातात: २२५ अंशांच्या आसपास फिकट पिवळा, २५५ च्या सुमारास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. जबड्याच्या पट्टीला तपकिरी ते जांभळ्याच्या दरम्यान थांबणे योग्य. भट्टीवर रंग डोळ्यांदेखत पळतात. घरातला २५० अंशांचा ओव्हन तासभर वापरणे जास्त भरवशाचे. हे सारे झेपत नसेल तर कोणत्याही औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंट करणारे असतात, त्यांच्याकडे पट्टी द्यावी आणि पोलादाचा ग्रेड न विसरता सांगावा.

बसवणे

बैठकीला निळ्या शाईचा पातळ हात देऊन पट्टी दाबून काढावी. पाठीवर शाई कोठे लागली ते पाहून उंचवटे घासावेत. कडक केलेली पट्टी किंचित वाकली असेल तर काचेवर एमरी पेपर पसरून तिची पाठ त्यावर घासावी. स्क्रूच्या जोरावर सरळ करायला जाऊ नये, ती तडकते. पट्टी डुलत असताना स्क्रू आवळले की प्रत्येक वापराला स्क्रूवर आघात होतो आणि काही महिन्यांत ते तुटतात. बैठकीच्या या तपासणीला वेळ द्यावा; पट्टी किती चकाकते याला महत्त्व नाही.

स्क्रूला तेलाचा थेंब लावून दोन्ही आळीपाळीने आवळावेत. मग व्हाइस हलकेच मिटवून पाहावा. दोन्ही टोकांना कागदाची एकेक पट्टी धरली असता ती सारख्याच जोराने ओढावी लागली पाहिजे. एक सहज निघाली तर त्या बाजूच्या पट्टीखाली पातळ पितळी पत्रा घालून फरक भरून काढता येतो. उभ्या दिशेत मात्र पूर्ण समांतरपणा शोधू नये. सरकता जबडा आवळताना किंचित मागे झुकतो, म्हणून हलक्या स्पर्शात पट्ट्यांचे माथे आधी टेकावेत आणि खाली केसभर फट राहावी, हेच योग्य. शेवटी व्हाइस मिटवलेला ठेवून दोन्ही माथे एकत्र घासून सपाट करावेत. कडक पट्टी असेल तर हे पाणी देण्याआधीच, तात्पुरती बसवून, उरकावे. वरच्या कडांना स्मूथ कानशीचे दोन हात मारून धार मोडावी. पहिल्या आठवड्याच्या वापरानंतर स्क्रू पुन्हा एकदा आवळून पाहावेत. बहुधा पाव फेरा आणखी जातो.